सात नंबरची बशी

पहिली बाटली मंगळवारी बोलली.
बेबी ऑफ सकीना सोलकर, नऊशे ऐंशी ग्रॅम,
बाप मिरकरवाड्याच्या जेटीवर बर्फ फोडतो.
गुरुवारी दुसरी.
शनिवारी सुगंधा भुवडच्या जुळ्यांतला धाकटा.
लॅबमधून फोनवर एवढंच:
बॅक्टेरिया नाही सिस्टर, बुरशी आहे. रक्तात.

रक्तात.
आमच्या रत्नागिरीत ती चपलांवर येते,
सांडग्यांच्या बरणीत, पोथीच्या कडेला,
एक दिवस कडक ऊन मिळालं की
फडक्यानं पुसायची आणि विसरायची.
रात्री आंबोळीचं पीठ झाकून निजते मी,
पहाटे ते टोपाबाहेर आलेलं असतं.
त्यातही हिचीच कोणी चुलत बहीण असणार.

मग शोध.
वॉर्मरच्या गाद्या, नळाची जाळी,
सलाइनचे स्टँड, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप,
सगळ्यावरून ओला कापूस फिरला.
शेवटी म्हणाले, हात.
आम्ही अकराजणी रांगेत,
शाळेत नखं दाखवायचो तशा.
बशीवर नंबर टाकले, नाव नाही,
कुणाचं कुणाला कळू नये म्हणून.
पण आपला नंबर आपल्याला माहीत असतो.

तिसऱ्या दिवशी सातव्या बशीत
पांढरे, गुळगुळीत ठिपके,
कवडीदार दही सांडावं तसे.

सगळ्यांत जास्त हात मीच धुवायची हो.
साबण, स्पिरिट, पुन्हा साबण,
एका पाळीत चाळीस वेळा.
त्या धुण्यानंच बेचक्यात भेगा पडल्या
आणि भेगांत ती राहिली, भाडं न देता.

मॅडम म्हणाल्या, हा दोष नाही मालती, ही त्वचा आहे.
मलम दिलं. रजिस्टरवर बसवलं.
ठिपके आणि बाळांच्या रक्तातलं एकच का,
ते पुण्याहून कळायचंय.

धाकटा रविवारी पहाटे गेला.

थोरल्याला घरी नेताना सुगंधा टेबलापाशी आली,
माझे दोन्ही हात तिनं हातात घेतले.
या हातांनीच एक तरी राखला, म्हणाली.
काढून घ्यायला हवे होते मी ते.
काढले नाहीत.

पुण्याचं पाकीट अजून आलेलं नाही.
घरी महिनाभर आंबोळ्या नाहीत,
मुलगा विचारतो,
आणि मी चपाती लाटते, हातमोजे घालून.