काठ

मोजणीचं काम मला तीन दिवसांचं मिळालं,
अक्कलकोट रोडला, पाण्याच्या टाकीच्या चौकात.
सकाळी सहा ते रात्री दहा. प्लास्टिकची खुर्ची,
पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेला तक्ता.
रकाने छापलेले: ट्रक, एसटी, मोटार, रिक्षा, दुचाकी.
सायकल सगळ्यात शेवटी, ‘इतर’मध्ये,
बैलगाडी आणि हातगाड्याच्या सोबतीला.
चालणाऱ्याला रकानाच नव्हता.

साडेसहाला पलीकडून अम्मा आली.
डोक्यावर पाटी, पाटीत कालच्या हजार विड्या,
कारखान्यात जमा करायच्या.
मला बघून हसली नाही. रस्ता बघत होती.

अम्माचं घड्याळ वेगळं.
पान, तंबाखू, वळण, दोरा, तोंड दुमडलं:
एक विडी.
वीस सेकंद धरा.
इथला सिग्नल पायी माणसाला अठरा देतो.
‘एका विडीत होत नाही हा रस्ता,’ ती म्हणते,
‘दोन लागतात. गुडघा धरला की तीन.’
म्हणून ती अर्ध्यात थांबते,
वीतभर रंगाच्या पट्ट्यावर,
आणि पुढून ऊस जातो, मागून सिमेंट जातं,
पदर कधी इकडे ओढला जातो, कधी तिकडे.

मी तक्त्यावर पेनानं रेघ मारली.
वर लिहिलं, ‘पायी’.
खाली पहिली काडी अम्माची.

आठला मल्लेशम मामा, कोडमांचा, रात्रपाळी संपवून.
मागांचा जॉबर. हँडलला डबा, डब्यात उरलेली कडक भाकरी.
डांबर संपतं आणि खडी सुरू होते
तिथल्या चार बोटांवरून चालवतो सायकल.
मार्गशीर्षात एका डंपरच्या आरशानं ढकललं होतं त्याला.
तो वाचला. सायकल दुसरी आहे.
चहा पीत म्हणाला,
‘चादरीला काठ घट्ट लागतो, पोरी,
कडेचे धागे दुप्पट भरायचे.
काठ नसला तर पहिल्या धुण्यातच सुटते.
हे बघ की, नुसतं पोट विणून ठेवलंय.’

तिसऱ्या रात्री बेरीज केली.
‘पायी’च्या काड्या मोटारींपेक्षा जास्त.
पुन्हा केली. तेवढ्याच.

ऑफिसातून तक्ता परत आला,
लाल पेनात: हा रकाना नमुन्यात नाही.
त्याच्याखाली सावळगी मॅडमचं तिरकं अक्षर:
नमुना बदलावा.

मग एका रविवारी, अकरा वाजता, गर्दी ओसरल्यावर,
मॅडम आल्या टेप घेऊन. पोत्यातून फक्की,
ट्रकचे जुने टायर, पिवळा रंग,
माती, आणि मातीत सदाफुली.
चौकाचं वळण आवळलं आम्ही,
जिथं गाड्या भिरकावल्यासारख्या वळायच्या.
मधोमध टायरांचा एक ओटा.
डाव्या कडेला, नाल्यापर्यंत, सायकलीची वाट.
शेंगाचटणीवाले इराप्पा भांडायला आले,
‘माझ्या गिऱ्हाइकानं गाडी कुठं लावायची?’
भांडता भांडता टेपचं दुसरं टोक धरलं.

सकाळी पहिला ट्रक आला तो वळणाशी अडखळला.
ड्रायव्हरनं मान बाहेर काढली, शिवी दिली,
आणि पहिला गिअर टाकून, सावकाश,
नव्या सुनेसारखा उंबरा बघत वळला.

सगळं काही नीट नाही.
दोन टायर चोरीला गेले. एकावरून टँकर गेला.
सदाफुली शेळीनं खाल्ली.
फक्की पुसत चाललीय, आणि कायमचं करायचं
ते ‘पुढच्या बैठकीत’.
इराप्पांच्या गिऱ्हाइकांच्या स्कूटर अजून सायकलीच्या वाटेवर,
मल्लेशम मामा घंटी वाजवून वाजवून थकतो,
पण आता तो रस्त्याच्या आतून घंटी वाजवतो.

आज मी खुर्चीवर नव्हते, उगाच उभी होते.
अम्मा निघाली. अठरा सेकंद संपले.
ती टायरांच्या ओट्यावर थांबली,
आणि भर रस्त्यात, मी पहिल्यांदाच बघितलं,
तिनं पाटी खाली ठेवली.
मान एकदा डावीकडे मोडली, एकदा उजवीकडे.
ऊस गेला. सिमेंट गेलं.
एक विडी.
पदर सारखा केला.
मग दुसरी.