माया

माझ्या मापांच्या वहीत
बारापात्रेकाकूंच्या बाहीघेरानंतर
एक पान तर्रीचं आहे.
छाती नाही, कंबर नाही, उंची नाही,
फक्त मांडी. उजवी, डावी.
दर रविवारी, चहाच्या आधी.

डिसेंबरात प्लास्टर निघालं तेव्हा
डावी साडेचार सेंटिमीटरने बारीक होती,
कातडं उसन्या कपड्यासारखं लोंबत होतं.
हाड जुळलंय, खोब्रागडे डॉक्टरीण म्हणाल्या,
आता मांस परत आणायचं.
ते पळवून येत नाही बाई,
चालवून येतं.

म्हणून गिट्टीखदानच्या आमच्या गल्लीत
पाच मिनिटं. घड्याळ लावून.
दोरी सैल, आणि चाल इतकी हळू
की चौथा पाय टेकल्याशिवाय गत्यंतर नाही.
जरा घाई केली की ती तीन पायांवर भागवते,
लबाड.
मी तरी काय,
डावा गुडघा कुरकुरतो म्हणून बारा वर्षं
उजव्या पायानेच मशीन रेटतेय.

मग बस, ऊठ. बस, ऊठ.
उकडलेल्या अंड्याच्या नखाएवढ्या तुकड्यासाठी.
दोन विटांवर वाळवणाची काठी,
तिच्यावरून एकेक पाय उचलून,
उडी नाही.
गुळगुळीत फरशीवर आधी गोणपाट.
फेब्रुवारीत सेमिनरी हिल्सचा चढ,
चढताना हळू, उतरताना त्याहून हळू,
आणि मध्ये एक दिवस नुसती झोप.
झोपेतच भरतं अंग, हे मला ठाऊक नव्हतं.

अवो मावशी, निहाल म्हणायचा,
कुत्री आहे ते, नवरी आहे का?
धावू दे ना बिचारीला.

मार्चअखेरीस मी अस्तर आणायला इतवारीत गेले
आणि त्याने तिला स्कूटीमागे धावडवलं,
काटोल रोडने, थेट नाक्यापर्यंत.
परतली तेव्हा काय खूश होती!
रात्री पाणी प्यायला उठली नाही.
उठताच येईना.
त्या रविवारी वहीत मी काही लिहिलं नाही.
पुन्हा पाच मिनिटं. गल्लीतच.

त्याला रागावले नाही.
दुसऱ्या दिवशी एक फ्रॉक कापायला दिला.
त्याने खडूच्या रेघेवरून कात्री चालवली, बरोब्बर रेघेवरून.
माया कुठे सोडलीस रे?
कशाची माया?
रेघेबाहेरचं दोन बोटं कापड.
वरून दिसत नाही ते,
पण शिवण त्याच्यावरच तगते,
आणि पोर वाढलं की उसवायला तेच कामी येतं.
ही दहा मिनिटं चालू शकते ना,
म्हणून आठ चालवायची.
तो फुकट गेलेल्या फ्रॉककडे बघत राहिला.
हौ सुद्धा म्हणाला नाही.

एप्रिलपासून तोच उठवतो मला, पाचला.
डांबरावर उलटा तळहात ठेवून मोठ्याने मोजतो,
सातपर्यंत सोसलं तरच तिचे पंजे रस्त्यावर.
मे महिन्यात पहाटेही चारपर्यंतच पोचायचा,
मग घरातच, कूलरसमोर,
बस, ऊठ.
जीभ कडेने रुंद झाली की थांब.
आता हे तो मला सांगतो.

काल फीत त्याच्या हातात होती.
गुडघ्याच्या वर चार बोटं, नेहमीची जागा.
सारखं आलं मावशी! दोन्ही सारखे!
फीत सैल धरलीस, मी म्हटलं.
तीस वर्षं झाली बाबा,
दिवाळीच्या आधी बायका पोट आत ओढतात
तेही मला कळतं.
तो हसला, नीट धरली.
अर्धा कमी.
लिही, म्हटलं, अर्धा कमी लिही.

तो पेन शोधेपर्यंत
तर्री उठून उंबऱ्याशी गेली होती,
दोरी तोंडात,
चारी पायांवर.