आजाराची सुरुवात केव्हापासून

क्लेमचा फॉर्म मला तोंडपाठ आहे.
सदरच्या ऑफिसात, दुसऱ्या माळ्यावर,
नऊ वर्षं मी तेच करते :
लोकांचे कागद उघडते, तारखा जुळवते,
जुळल्या नाहीत की लाल पेनाने गोल.
कुणाचा मुतखडा, कुणाचं गर्भाशय,
गोंदियाच्या एका मास्तरांची झोप,
सगळं माझ्या टेबलावरून गेलंय.
त्या झोपेवर आम्ही हसलो होतो, डबा खाताना.
मीसुद्धा.

आता माझी झोप.

रामदासपेठेत उमरेडकर मॅडम बसतात.
एका बैठकीचे पंधराशे, महिन्याच्या चार.
कंपनीच्या पॉलिसीत हल्ली मनाचंही बसतं,
ते परिपत्रक मीच वाटलं होतं सगळ्यांना,
चहाच्या कपाखाली ठेवायला बरं पडलं.

पण माझा फॉर्म जाईल
तो लोकेश निमजेच्या टेबलावर.
भला माणूस.
बोलणार काही नाही तो, कुणाला सांगणारही नाही.
फक्त दुसऱ्या दिवशी
त्याच्या बायकोने केलेला वडाभात
माझ्या ताटलीत जरा जास्त वाढेल.
तेवढंच मला नको आहे.

नवरा म्हणतो,
"हप्ता भरतो ना आपण दरसाल?
मंग घेत काऊन नाही?"
मोबाईलवर गुणाकार करून दाखवतो,
सहा गुणिले बारा.
चुकत नाही त्याचं.
रात्री तीनला मी गच्चीवर जाते
तेव्हा चप्पल न घालता
मागे येणाराही तोच.

फॉर्ममधला सातवा रकाना :
आजाराची सुरुवात केव्हापासून?
दिवसाला दोन चौकोन, महिन्याला दोन,
वर्षाला चार.

सगळे पंधरा दिवसांमागची तारीख टाकतात.
त्याहून जुनं निघालं तर पैसे अडतात
हे न सांगता कळतं माणसाला.
मीही टाकू शकते.
कोणत्या तारखेवर गोल पडत नाही
ते माझ्याइतकं कुणाला माहीत?

खरं लिहायचं तर
मानेवाड्यातल्या दोन खोल्या,
वाळ्याच्या ताटीवरून ठिबकणारं पाणी,
आणि आई भिंतीकडे तोंड करून.
मी चौथीत.
"ऊन लागलं तिले," काकू सांगायची
येईल त्याला.
कैरीचं पन्हं झालं,
तळपायाला कांद्याचा रस झाला,
मृग आला, दसरा झाला.
संक्रांतीतसुद्धा आईला ऊनच लागलेलं होतं.
मांजा आणायला मी एकटीच गेले त्या वर्षी.
दुसरा शब्द कुणी घरात आणला नाही.
शब्दाला काही पैसे पडत नव्हते,
तरी.

माझ्या पर्समध्येही कांदा असतो,
एप्रिल ते जून.
व्हरायटी चौकात सिग्नल हिरवा झाला
आणि माझी गाडी निघेना,
म्हणजे गाडी चालू होती, मी निघेना,
तेव्हा तोच धरला होता मुठीत.
मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला,
मग उतरून आला, म्हणाला,
"ताई, सावलीत घ्या गाडी, ऊन लय आहे."

त्या बुधवारी गेले.
भिशीतल्या पाचशेच्या तीन नोटा,
टेबलावर सरळ करून ठेवल्या.
मॅडमनी पावतीपुस्तक ओढलं.
नाव काय टाकू?
आधी आईचं आलं ओठांवर.
मग माझं सांगितलं,
आडनावासकट.

पावती आतल्या कप्प्यात आहे.
कांद्याचा वास लागलाय तिला.
क्लेम टाकायला तीस दिवस असतात,
त्यासाठी मला फॉर्म बघावा लागत नाही.
समोर निमजे लाल पेन झटकतोय, शाई उतरत नाहीये.
आज अकरावा दिवस.