पिंजण

बारा वर्षांचा होतो. रामबागेतली शाळा.
ब-ब-बर्डे म्हणायचे मला सगळे.
मास्तर म्हणाले, 'टीज करतात रे नुसतं,
मनावर कशाला घेतोस?'

डिक्शनरीत शब्द सापडला.
अर्थ: चिडवणे. तो मला ठाऊकच होता.
खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, जुना अर्थ:
लोकर विंचरणे, ओढून ओढून
धागान्‌धागा सुटा करणे.

मार्गशीर्षात मुनीरचाचा आले,
खांद्यावर धनुकली.
आईने गादी उसवली. गच्चीवर
ढेकळं झालेला कापूस, आणि तात: टँव् टँव्.
'नाम क्या है, भिया?'

'ब-ब-'
मोगरी हवेतच थांबली.
तात थरथरत राहिली.
नाव अख्खं बाहेर येईपर्यंत
चाचांनी नजर वळवली नाही,
माझ्या वतीने बोलूनही टाकलं नाही.

मग पुन्हा टँव्.

रात्री गादी हातभर फुगली होती.
तिच्यावर पडून हिशेब करत राहिलो:
चार वर्षं पिंजलं मला त्यांनी,
तो कापूस
कुणाच्या गादीत गेला?