बिनघोर

जेल रोडवर, आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी,
प्लास्टिकच्या खुर्चीतून अर्धवट उठत बेंडकुळे विचारतो,
‘मॅडम, तुम्ही इंग्लिश शिकवता ना?
हे माझ्या पाठीवर काय म्हणून लिहिलंय?’

सिक्युरिटी, मी म्हणते. राखणदार.
‘ते झालं काम. शब्द कुठला?
आमच्या हरसूलकडं कुठल्याही नावामागं
एखादा डोंगर असतो, नाहीतर झाड.’

हा शब्द आमच्या घरात माझ्याआधी आलेला.
बाबा प्रेसमध्ये. भोंग्याला आत, भोंग्याला बाहेर.
एकतीस वर्षं रोज संध्याकाळी
खिसे उलटे करून, बूट झटकून दाखवायचे
आणि घरी येऊन म्हणायचे,
‘नोकरी अशी हवी. सिक्युरिटी आहे.’
नोटेतली चकाकती तार, तीही सिक्युरिटी.
बिटको चौकामागची खोली सोडताना
मालकानं भिंतीतल्या चार खिळ्यांपोटी
ठेवून घेतली, ती पण.

रात्री जाड डिक्शनरी काढली.
शब्द लॅटिन निघाला, दोन तुकड्यांचा.
‘से’ म्हणजे विना, वाचून, बिन.
‘कुरा’ म्हणजे काळजी, चिंता, घोर.
बिन. घोर.
ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं.
अगं, हा तर आईचा शब्द!
परीक्षेच्या आदल्या रात्री दिवा मालवत
‘झोप आता बिनघोर’ म्हणायची ती,
जिनं रोम नकाशातसुद्धा कधी शोधलं नाही.

खाली बारीक टाइपात आणखी होतं:
जुन्या इंग्रजीत हाच शब्द ठपक्यासारखा.
ज्याला कसलाच घोर नाही तो गाफील,
त्याच्या दाराला कडी नाही.
पलीकडच्या खोलीत बाबा घोरत होते,
पेन्शनीत,
खिडकी सताड उघडी टाकून.

सकाळी बेंडकुळेला सगळं सांगितलं.
तो इतका हसला की शिट्टी गळ्यात नाचली.
‘बिनघोर? मी?
बायको गावाला, पोरगं आश्रमशाळेत,
मोटर चोरीला गेली तर पगारातून कापणार,
बारा तास डोळा मिटायचा नाही
आणि पाठीवर बिनघोर!’
मग जरा थांबून,
‘नाही, बरोबर आहे.
ते तुम्हाला वाचायला लिहिलंय.
मला माझी पाठ कुठं दिसते?’

टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला तो वळला.
शर्ट धुऊन धुऊन
पहिली दोन अक्षरं निघून गेली होती,
एस आणि ई.
बाकीची अजून ठळक, पिवळी.
‘से’ गेलं आणि उरलं ते उरलं,
हे काही मी त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी क्लासवरून येताना
दत्तमंदिर स्टॉपजवळच्या हार्डवेअरमधून
पिवळ्या रंगाची लहान डबी घेतली.
ब्रश घ्यायचा राहिला.
डबी अजून मीटरच्या पेटीवर आहे.
रात्री दोनला खांबावर काठी वाजते, टण्,
आणि मी कूस बदलते.