दारातून आत येणारा

एकसष्ट सिनेमे. भूमिका चारच:
वेटर, हवालदार, पाद्री, पुन्हा वेटर.
हर्बर्ट ऑटरशॉ दारातून आत यायचा
आणि उंबरठा त्याला नेमका आडवा यायचा.
एकदा बिशपचा झगा मिळाला; त्यातही पाय अडकला.

पडणं तो ग्रिम्सबीच्या धक्क्यावर शिकला,
बापाच्या माशांच्या टोपल्या उचलताना.
तिथे कुणी हसलं नव्हतं.

म्हातारपणी लीड्सच्या इस्पितळात
खरंच घसरला.
नर्स आधी हसली, मग तिनं तोंडावर हात धरला.
"असू दे," तो फरशीवरूनच म्हणाला,
"ट्रे कुठे गेला ते बघ."

एनिड अजून दुपारचे जुने सिनेमे लावते.
आवाज बंद. नायकाकडे बघत नाही,
बघते फक्त दाराकडे.
स्वयंपाकघरात केटल
शिट्ट्या मारत राहते.