बिल्ला उजव्या खिशावर

घणसोलीत, सिम्प्लेक्सच्या वळणावर
माझं फ्लेक्सचं दुकान.
चेहरे मी विकतो चौरस फुटाने.
वाढदिवस, नियुक्ती, दशक्रिया,
दहावीला बेचाळीस टक्के पडलेला एक पोरगासुद्धा
दहा बाय आठ लावलाय, मामाच्या खर्चाने.

बबन फडतरे आले मार्केटातून थेट,
कमरेला हूक, मानेवर कांद्याची सालं.
पिशवीतून फोटो काढला, तो वर्तमानपत्रात, ते प्लास्टिकमध्ये.
"पोरगा सुट्टीवर येतोय. पॅरात आहे.
पॅरात म्हणजे... त्यातल्याही त्यातला."
पुढचं त्यांनाही सांगता येईना.
"टोळीतल्या सगळ्यांची पोरं लागली चौकात.
माझंच नाही लागलं."
पाचशे ॲडव्हान्स.

मी बसवला. मागे तिरंगा, दोन हेलिकॉप्टर,
आणि एक वाघ. वाघ सगळ्यांनाच लागतो.

रात्री शटर अर्धं ओढलेलं,
तर खालून वाकून एकजण आत आला.
बर्मुडा, दाढी, हातात फरसाणाची पुडी.
मी म्हटलं, झेरॉक्स बंद झालं.
तो म्हणाला, तो फोटो काढून टाका.

स्क्रीनवर सहा फूट होता,
इथे जेमतेम माझ्या कानाएवढा.
गॉगल लावू का? नको.
तोंडाला रुमाल? नको.
निदान नाव?
रिक्षावाल्याला नाही म्हणावं तशी मान हलवली.
"वडिलांना सांगा, मशीन बिघडलं."

फाईल पुसली जाईपर्यंत तो मागे उभा.
तेवढ्यात त्याला दिसलं माझं ते फोल्डर, कमांडो बॉडी.
नेटवरून उतरवलेली, मुंडकी छाटलेली अंगं.
निवडणूक आली की मागणी असते,
नंदूशेठचं डोकं मी तीनदा बसवलंय त्यांच्यावर.
तो पहिल्यांदा हसला.
"हा उलटा आहे."
काय उलटा?
"फोटो फिरवलाय तुम्ही. बिल्ला उजव्या खिशावर असतो."
स्वतःच्या टी-शर्टवर त्याने हात ठेवला, उजवीकडे.
तिथे खिसा नव्हता.

फिरवला होता, खरंय.
शेठनी साहेबांकडे बघायला हवं, आणि साहेब कायम डावीकडे.

पुडी पुढे केली. मी चिमूटभर घेतलं.
मग तो गेला.
माझं शटर मांजर गेलं तरी खडखडतं,
त्या रात्री वाजलं नाही.

सकाळी फडतरेंना सांगितलं, मशीन बिघडलं.
मशीन माझ्या मागे धडधडत होतं,
कुणाचा तरी जबडा बाहेर येत होता, इंच इंच.
ते बघत राहिले त्याच्याकडे.
मग म्हणाले, "पाचशे राहू द्या. दुरुस्तीला."

पावसाळा गेला, गणपती गेले.
एका रात्री टीव्हीवर हिरवट अंधारात
काही माणसं भिंतीलगत सरकताना दिसली,
तोंडांवर चौकोन.
निवेदक ओरडत होता, जणू तोच जाऊन आला.
मी आवाज बंद केला आणि नुसतं चालणं पाहिलं.
ओळखू आलं नाही काहीच.

फडतरेंना विचारलं नाही.
पहाटे चारला टेम्पोची वाट बघत ते उभे असतात,
तसे दुसऱ्या दिवशीही होते.

नंदूशेठची ऑर्डर पुन्हा आली. तेच अंग, नवं डोकं,
केस यावेळी जास्त काळे.
मी फोटो सरळ केला.
पोरं भडकली. शेठ साहेबांकडे पाठ करून बघतायत!
मी म्हटलं, मशीन असंच काढतं आता.
घाई होती, लावला त्यांनी तसाच.

पहाटे फडतरे त्याच्याच खाली होते.
वर पाहिलं त्यांनी,
तंबाखू मळून होईपर्यंत.
चेहरा तर शेठचाच होता.

मग टेम्पो आला.